कोरडी बाटली

१

रुख्मिणीबाई गेल्या त्या दुपारी त्यांच्या खाटेखालच्या काचेच्या बाटलीत पाणी नव्हतं. सकाळी ती निम्म्याहून वर भरलेली होती. बूच घट्ट होतं, बुचावर बांधलेल्या पट्टीची गाठ सुटलेली नव्हती, काचेला कुठं तडा नव्हता, आणि खालच्या फरशीवर ओलीचा डागही नव्हता. बाटलीच्या तळाला नुसता ओलावा राहिला होता. बाकीचं पाणी कुठं गेलं, ते कुणालाच सांगता येईना.

त्यांची मुलगी सुलोचना वर्ध्याच्या कन्याशाळेत शिकवत असे. शाळेत निरोप आला तो 'प्रकृती बिघडली' एवढाच. सिंदी स्टेशनावर उतरून बैलांच्या दमणीनं केळझरच्या वाटेवरच्या त्या धर्मादाय दवाखान्यात ती पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वाटेत दोन्ही बाजूंना पळस फुलला होता, तिकडं तिचं लक्ष गेलं नाही. दवाखान्याच्या अंगणात कडुनिंबाखाली तिचे वडील भैय्याजी बसले होते. सिंदीच्या कापूस बाजारातला एवढा बोलका दलाल, पण लेकीला पाहून ते उठले नाहीत. त्यावरूनच तिला कळलं.

ती आत गेली. आई खाटेवर होती, गळ्यापर्यंत पांढरी चादर. सुलोचनाची नजर चेहऱ्यावर ठरेना म्हणून खाली गेली, ती बाटलीवर.

या बाटलीची तिला पहिल्यापासून धास्ती वाटत आली होती. आईच्या छातीतली गाठ नागपूरला काढून दोन वर्षं झाली होती. रोग परतला तो फुफ्फुसाभोवती पाणी साचवत. सुईनं पाणी काढायचं, चार दिवस बरे जायचे, की पुन्हा धाप. मग या दवाखान्यातल्या डॉक्टर वझलवारांनी नवा उपाय सुचवला. फासळ्यांच्या मधे बोटाएवढं भोक पाडायचं, त्यातून टोकाला दिवा असलेली बारीक नळी घालून आतलं पाहायचं, पाणी काढून टाकायचं आणि शंखजिऱ्याची निर्जंतुक पूड आत फुंकायची. फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटतं, पाण्याला जागा उरत नाही. सगळं नीट पार पडलं होतं. मागं राहिली ती एक रबरी नळी. ती छातीतून निघून खाटेखालच्या बाटलीतल्या काचेच्या नळीला जोडलेली होती, आणि त्या काचेच्या नळीचं टोक पाण्यात बुडवलेलं होतं. आतली हवा, आतलं पाणी बाहेर यावं, बाहेरची हवा आत जाऊ नये, म्हणून. बुचात हवेपुरती दुसरी एक आखूड नळी होती.

आई श्वास आत घेई तेव्हा नळीतलं पाणी वर चढे, श्वास सोडला की उतरे. गेल्या रविवारी आई झोपलेली असताना सुलोचना तिच्याजवळ बसली होती. चादरीखालची छाती हलताना दिसत नव्हती. हलत होती ती बाटली. प्रमिलाबाई, सुलोचनाची आत्या, त्या खोलीत पाय ठेवायला तयार नव्हती. "थे बाटली जित्ती हाय व पोरी," ती दारातूनच म्हणाली होती. "वहिनीचा जीव आंगातून निघून त्याच्यात जाऊन बसला."

आता ती काचेची नळी कोरड्या बाटलीत स्थिर होती.

मागं डॉक्टर वझलवार येऊन उभे राहिले होते. त्यांचा आवाज रागानं बारीक झाला होता.

"सुलोचनाबाई, रोगानं त्या इतक्यात गेल्या नसत्या. हा निष्काळजीपणा आहे. सेलूच्या ठाण्याला मी माणूस पाठवलाय. सांजेपर्यंत फौजदार येतील आणि त्या नर्सला, जयवंताला, घेऊन जातील."

२

जयवंता औषधांच्या खोलीत, भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. पोशाख अजून अंगावर होता, डोक्यावरची पांढरी टोपी मात्र तिनं काढून मांडीवर ठेवली होती. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या दीक्षेला ती पायी गेलेली. त्यानंतर तिनं नर्सचं शिक्षण पुरं केलं. तिच्या वस्तीतली ती पहिलीच.

"डॉक्टरसायब म्हणतात का मी सकाळी बाटली धुतली आन पाणी भराचं इसरली," ती म्हणाली. "कोरड्या बाटलीतून हवा छातीत गेली, फुफ्फुस मिटलं, आन बाई गेल्या. असंच झालं असतं, जर मी इसरली असती. पण मी भरलं होतं, ताई. उकळून थंड केलेलं पाणी. मले आज शिपाई घेऊन गेले ना, तं उद्या सुटली तरी कोणता दवाखाना मले दारात उभी करन?"

"दुपारी तू कुठं होतीस?"

"बाळंतीण आलती. आडवं मूल. डॉक्टरसायब आन मी, दोघंबी तिकडंच होतो. जातानी मी भैय्याजीले सांगून गेली, बाटलीले हात लावू नका. परत आली तं बाई... नळी पाठीखाली दबून दुमडली होती. सकाळी तं मी ते सरळ करून ठेवलती."

"बाटली कुणी उचलली असेल?"

"उचलनार कशी? पाह्यलं नाई का तुम्ही?"

सुलोचनानं पाहिलं होतं. बाटली एका लाकडी पेटीत उभी होती, आणि ती पेटी फरशीपासून वीतभर वर, खाटेच्या खालच्या आडव्या गजाला दोरीनं आवळून बांधलेली होती. मागं एकदा कुणा नातेवाइकानं झाडू मारताना अशीच एक बाटली उचलून उशाशी ठेवली होती आणि बाटलीतलं सगळं पाणी नळीनं उलटं छातीत गेलं होतं. तेव्हापासून डॉक्टर ती खाटेलाच जखडून टाकत. दोरीवर बसलेली धूळसुद्धा विस्कटलेली नव्हती.

ती परत खाटेपाशी गेली, वाकली. काचेच्या आतून, निम्म्याच्या वर, एक बारीक तांबूस कडी उमटली होती.

"डॉक्टर," तिनं हाक मारली. "सोड्याच्या गरम पाण्यानं धुतलेल्या बाटलीला ही कडी राहील?"

वझलवार वाकले.

"धुतली नसेल," ते म्हणाले.

"धुतली नसेल तर ओतलीही नसेल. मग कालचं पाणी तरी आत हवं. आणि धुतली असेल, तर ही कडी आजची. म्हणजे आज या बाटलीत पाणी होतं, तासन्‌तास होतं. ते नंतर गेलं."

"कुठून? बूच बंद आहे. उलटी करायची म्हटली तर आख्खी खाट उलटी करावी लागेल."

"तेच विचारते आहे मी."

तेव्हा पलीकडच्या खाटेवरून, मधल्या पांढऱ्या पडद्याआडून, एक घोगरा आवाज आला.

"त्या नर्सपोरीले काऊन छळून राह्यले व? मी पाह्यलं ना. दुपारी त्या खाटेवर तुयी माय नोहतीच."

३

पडद्याआडच्या देवकाबाईला न्यूमोनिया झाला होता. ताप उतरला की ती भांडे, चढला की मेलेल्या माणसांशी बोले. डॉक्टरांनी हात झटकला. "तिला काल छतावर बैल दिसले होते."

सुलोचना पडद्याआड जाऊन तिच्या पायथ्याशी बसली.

"सांगा बाई. काय पाहिलं?"

"तुले खोटं वाटन."

"वाटू द्या."

म्हातारीनं पडद्याकडं बोट केलं. पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन पलीकडून पडद्यावर पडत होतं. खाट, उशी, मृत बाईचं कपाळ आणि नाक, सगळ्याच्या सावल्या त्या कापडावर स्वच्छ उठल्या होत्या. खाली पेटीची सावली, तिच्यातून डोकावणारा बाटलीचा गळा, आणि त्यातून वर छातीकडं गेलेली नळी. दुपारभर ही बाई आईचं मरण पडद्यावर पाहत पडून होती.

"रोज मी हेच पाह्यतो," देवकाबाई म्हणाली. "तुयी माय कण्हे, तं तिची सावली हाले. आज दुपारी डोळा लागला. उघडला तं खाट रिकामी. उशी होती, गादी होती, बाई नाई. म्या म्हटलं, गेली असन मोरीवर. पण थे नळी, रोज वर जाते ना, थे आज खाली गेलती. बाटलीतून निघून सरळ जमिनीत. आन बाटलीतलं पानी..." ती थांबली.

"काय झालं पाण्याचं?"

"थे उतरून राह्यलं होतं. कोणी पिऊन राह्यलं असन, असं. काचेत पानी चमके तं पडद्यावर उजेडाची एक रेघ हालत राहे. थे रेघ खाली खाली जात विझली. बाई, म्या तोंडावर गोधडी घेतली. मले वाटलं जमिनीखालून कोणी प्यालं. मंग डोळे उघडले तं तुयी माय खाटेवर, आपल्या जागी. पण तवा ते मेली होती. हालत नोहती."

"आवाज काही ऐकलात?"

"एक ऐकला. कोणी तरी राम राम म्हणे. हळूच. माणसाचा होता का कोणाचा, मले नाई सांगता येत."

डॉक्टर पडद्यापलीकडून म्हणाले, "तापातले भास." पण या वेळी त्यांनी ते जरा हळू म्हटलं.

४

प्रमिलाबाई नुकतीच आली होती. वहिनीला उतार पडावा म्हणून सकाळपासून केळझरच्या गणपतीला गेली होती, ओंजळीत अजून फोडलेल्या नारळाची अर्धी वाटी होती. ती उंबऱ्यावरच बसली आणि रडण्याआधी भांडली.

"म्या सांगत होती, नको थे भोकं पाडनं. ह्या डॉक्टरले आपली करामत दाखवाची होती. आन तुले, शिकलेलीले, पटलं!"

"आत्याबाई, आधी गंगा द्या. आईच्या तोंडात घालायची आहे."

पिशवी उशाशीच होती. तीत काशीहून आणलेला गंगेचा तांब्याचा गडू आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तुळशीच्या काड्या. वेळ सांगून येत नाही, म्हणून प्रमिलाबाई ते आजाऱ्याबरोबर कायम ठेवी. सुलोचनानं गडू हातात घेतला आणि थबकली. गडूच्या तोंडावरचं डाखलेलं झाकण उचकटलेलं होतं. पाणी थोडं कमी होतं.

तिनं आईची हनुवटी हलक्या हातानं खाली केली. ओठ अजून मऊ होते. जिभेवर, मधोमध, एक तुळशीचं पान होतं.

प्रमिलाबाईनं तोंडाला पदर लावला.

"आत्याबाई, हे तुम्ही ठेवलं?"

"म्या? म्या तं केळझरले गेलती! आत्ताच येऊन राह्यली."

सुलोचनानं जयवंताला बोलावलं. "तू परत आलीस, तेव्हा आई गेलेली होती. त्यानंतर कुणी तोंडात काही घातलं?"

"नाई ताई. डॉक्टरसायबांनी कोणाले हातच लावू देला नाई. फौजदार येतपर्यंत."

म्हणजे पान जयवंता परतायच्या आधीच जिभेवर आलं होतं. आई मरते आहे हे कुणाला तरी त्याआधीच ठाऊक झालं होतं, आणि त्यानं कुणालाही हाक मारली नव्हती.

सुलोचना खाटेशेजारी उभी राहिली. मरणाऱ्याच्या तोंडात गंगा आणि तुळस घालतात, ते कसं घालतात? तिनं आजीचं मरण पाहिलं होतं. खाटेवर जीव जाऊ देत नाहीत. खाटेवर गेलेला जीव लटकत राहतो म्हणतात. माणसाला आधी उचलून भुईवर घेतात, अंथरलेल्या धोतरावर किंवा कांबळ्यावर निजवतात, मग गंगा, मग रामनाम.

ती गुडघे टेकून फरशीवर बसली, मग आडवी झाली, आई निजली असेल तिथं. डोकं भुईला टेकलं. बाटली आता तिच्यापेक्षा वर होती. पेटी वीतभर उंचीवर, त्यावर बाटलीची उंची, त्यात निम्म्याहून वर पाणी. ते सगळं तिच्या छातीच्या वर.

रॉकेलच्या डब्यात रबरी नळी सोडून तोंडानं एकदा ओढलं, की खाली ठेवलेल्या बाटलीत रॉकेल आपोआप येत राहतं. इथं ओढायला धापा टाकणारी छातीच होती.

बाटलीला कुणी हात लावला नव्हता. बाटली वर गेली नव्हती. आई खाली आली होती.

"आत्याबाई," ती उठून बसत म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला. "तुम्ही गेल्यावर ही पिशवी कुणापाशी होती?"

प्रमिलाबाईनं पदर खाली घेतला.

"तुया बापाजवळ. आन कोणाजवळ?"

५

भैय्याजी कडुनिंबाखाली होते तसेच होते. सुलोचना शेजारी बसली. त्यांच्या अंगावरचं उपरणं कुठं दिसेना. मग तिला ते त्यांच्या मांडीखाली घडी करून ठेवलेलं दिसलं.

"बाबा, तुम्ही आईला खाली घेतलं?"

त्यांनी नकार दिला नाही. उलट कुणीतरी विचारलं याचं त्यांना बरं वाटलं असावं.

"घेतलं ना. तिनंच म्हटलं. लय कळ येऊन राह्यली होती तिले. त्या पुडीनं आत आग पडते, आनखी दोन दिवस राहन, असं डॉक्टर म्हणे. पण तिले वाटलं आता सरलं. माया हात धरला आन म्हणे, ह्या लोखंडी खाटेवर कोण कोण मेलं असन कोणाले माहीत, मले इथं मरू देऊ नका. खाली घ्या. म्या म्हटलं नर्सले बलावतो. ते म्हणे, नर्स घेऊ नाई देनार. घ्या."

"मग?"

"मंग काय. उचललं. रुईच्या पेळूवानी हलकी झालती. उपरणं आथरलं. त्या बाटलीले बोट नाई लावलं हो, पोरी, नळीबी ताणू देली नाई. गंगा देली, पान ठेवलं. राम म्हटलं. ते हासली. मंग धाप लागली, बम धाप, आन गेली. म्या पाह्यलंच होतं ना, तिले समजलंच होतं. जानाऱ्याले समजते."

"आणि परत खाटेवर ठेवलं."

"ते डॉक्टर ओरडते ना. त्याच्या दवाखान्यात भुईवर मेली म्हणून बोलला असता." त्यांनी उपरण्यावरून हात फिरवला. "आख्खा जन्म मी तिचं एक आयकलं नाई, सुलू. बाजार, दलाली, पाव्हणेरावळे. शेवटची एक गोष्ट तिच्या मनासारखी केली. तेवढं पुरन मले."

रस्त्यावर, सेलूच्या बाजूला, धूळ उठलेली दिसत होती.

ती आत गेली आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकता ऐकता आईच्या छातीवर डावा हात ठेवून उजव्या बोटानं ठोकलं. हवा भरलेल्या छातीचा पोकळ आवाज येईल अशी त्यांची खात्री होती. आवाज आला तो भरल्या रांजणाचा. त्यांनी सुई घातली. सिरिंजमधे फिकट तांबूस पाणी चढलं.

"परत उचलताना नळी पाठीखाली दुमडली," ते म्हणाले, "म्हणून पाणी पुन्हा खाली आलं नाही." मग जरा वेळानं, "मी बाटली बांधली. माणसाला खाली घेतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या आईलाही घेतलं होतं."

"फौजदारांना काय सांगायचं?"

"जयवंता सुटायची तर खरं सांगावं लागेल. आणि ते मी सांगून चालणार नाही. ज्यानं खाली घेतलं त्यानंच सांगायला हवं."

६

फौजदारांची जीप अंगणात थांबली. जयवंता टोपी घालून, हातात कपड्यांचं बोचकं घेऊन, पायरीवर येऊन उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

सुलोचना वडिलांपाशी आली. एकच मार्ग तिला दिसत होता.

"बाबा, फौजदारांना एवढंच सांगा, की तुम्ही आईला खाली घेतलं आणि पुन्हा वर ठेवलं. बाटलीला हात लावला नाही, हेही सांगा. बाकी डॉक्टर बोलतील. तुम्ही मग आत्याबाईंजवळ जाऊन बसा."

भैय्याजींनी तिच्याकडं पाहिलं. समोरच्याच्या पोटात काय आहे ते चेहऱ्यावरून काढण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"बाटलीचं काऊन सांगू? बाटलीचा काय समंध?"

तिची नजर पायरीवरच्या जयवंताकडं गेली.

"पाणी गेलं म्हणून त्या पोरीले धरून राह्यले ना? मंग म्या तिले खाली घेतलं म्हटल्यानं ते कशी सुटते?"

"बाबा..."

"पाणी कोठं गेलं, सुलू?"

तिला खोटं बोलता आलं असतं. त्यांनी ते मानूनही घेतलं असतं, आज तरी. पायरीवर जयवंता फौजदाराला आपलं नाव सांगत होती, आणि तो ते दुसऱ्यांदा विचारत होता.

"आईच्या छातीत," ती म्हणाली. "ती खाली होती, बाटली वर."

भैय्याजींनी झाडाला हात टेकला आणि ते उठले. अंगण ओलांडून ते जीपपाशी गेले. त्यांची चाल एकाएकी फार म्हाताऱ्या माणसाची झाली होती.

"सायब," ते म्हणाले, "ह्या पोरीनं काई केलं नाई. बाटली भरून ठेवलती तिनं. मले बजावलंबी होतं. म्या माया बायकोले भुईवर घेतलं, आन पाणी तिच्यात गेलं. मले समजलं नोहतं. आता समजलं. लिहून घ्या."

फौजदारानं डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली, आणि मग, कुणी विचारलं नसताना, म्हणाले, "याची सूचना मी द्यायला हवी होती. तेही लिहा." फौजदारानं वहीत नोंद केली. मग जयवंताला म्हणाला, "तुम्ही आत जा, बाई." जयवंतानं बोचकं पायरीवर ठेवलं. आत बाळंतिणीचं मूल रडत होतं. ती तिकडं गेली.

जबानी फार लांबली नाही. भैय्याजींनी अंगठा उमटवायला हात पुढं केला. त्यांना सही येत होती, ते विसरले होते. सुलोचनानं त्यांच्या बोटात टाक दिला.

जीप गेल्यावर दोघं पायरीवर बसले. आतून प्रमिलाबाईचं हेल काढून रडणं सुरू झालं होतं.

"एक सांगजो," भैय्याजी म्हणाले. "तू शिकलेली हायेस. दुपारी तू तिच्याजवळ असती, आन तिनं तुया हात धरून म्हटलं असतं, मले खाली घे. तं तू काय केलं असतं?"

सुलोचनानं त्या दुपारची खोली डोळ्यांपुढं आणली. कळ, लोखंडी खाट, आईचा हात.

"खाली घेतलं असतं, बाबा."

त्यांनी मान डोलावली. मग ती उठली, कारण आईला आंघोळ घालायची होती, आणि ते प्रमिलाबाईला एकटीला होण्यासारखं नव्हतं.